४२९४९६७२९७ आणि तिच्यातला ६४१

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. गेले कित्येक आठवडे मी या एका दहा अंकी संख्येपाशीच आहे. वही उघडून बसलं की रोज हिच्यात काहीतरी नवीन सापडतं. एकटीने बघत बसण्यापेक्षा इथे मांडते, म्हणजे मला न दिसलेलं तुम्ही दाखवाल.

ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. घातासाठी ^ हे चिन्ह वापरते, म्हणजे २^३२ + १.

१६४० च्या सुमारास पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने एक रांग मांडली. २ चे घात घ्यायचे, पण घातांकही २ चेच घात असलेले, म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२ असे. प्रत्येकात १ मिळवायचा. मग येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि सहावी आपली ४२९४९६७२९७. पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत. रांगेतली प्रत्येक संख्या मूळच असणार असं फर्माला वाटत होतं. सिद्धता मात्र सापडत नसल्याचं त्याने कबूल केलं होतं. पुढे १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने ऑयलरला पत्रात विचारलं, फर्माचं हे निरीक्षण तुम्हाला ठाऊक आहे का? १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिलं: सहावी संख्या मूळ नाही, तिला ६४१ ने भाग जातो.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

इथवर बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. मीही वाचलं होतं आणि 'ऑयलरने बरेच भागाकार केले असतील' म्हणून सोडून दिलं होतं. ते चुकलं होतं. तो ६४१ पाशी पोचला कसा, हे वहीत उतरवल्यावर कळलं की त्याला फारसे भागाकार करावेच लागले नसणार.

समजा प ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. म्हणजे २^३२ ला प ने भागलं तर बाकी 'उणे १' (म्हणजे प पेक्षा एकने कमी). याचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २ चे घात एकामागून एक घेऊन प ने भागत गेलं तर बाक्यांचं एक चक्र तयार होतं. ६४ पावलांवर १ येतो आणि ३२ पावलांवर येत नाही, म्हणून चक्राची लांबी नेमकी ६४. आणि फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की २ चा (प − १) वा घात घेतला की बाकी १ यायलाच हवी. म्हणजे प − १ मध्ये ६४ चं चक्र पूर्ण पूर्ण वेळा बसायला हवं. थोडक्यात, प ही ६४ च्या पाढ्यातल्या संख्येत १ मिळवून आलेली हवी.

मग उमेदवार किती उरतात? ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचवा भागाकार आणि काम फत्ते! साध्या क्रमाने २, ३, ५, ७ असं भागत गेलो असतो तर ६४१ चा नंबर ११६वा लागला असता.

भागाकार एकदा हाताने करून बघाच, मजा आहे. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. वरून ९ उतरला, ४४८९ मध्ये सात वेळा, बाकी २. मग ६ आणि ७ उतरतात पण भाग जात नाही, दोन शून्यं. २६७२ मध्ये चार वेळा, बाकी १०८. १०८९ मध्ये एकदा, बाकी पुन्हा ४४८! सुरुवातीला भेटलेलीच बाकी. पण आता वरून ९ नाही, ७ उतरतो. ४४८७ म्हणजे बरोबर ६४१ सत्ते, बाकी शून्य. तो एक अंक वेगळा नसता तर भाग गेला नसता. पहिल्यांदा केला तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून नुसती बघत बसले.

माझा प्रश्न असा: ६४१ ने भाग जातो हे भागाकार न करता दाखवता येतं का? आणि या संख्येबद्दल तुम्हाला आणखी काय माहीत आहे?


रेघोट्या

सुंदर लिहिलंय. एक शंका. छोटं प्रमेय फर्माचं, रांगही फर्माची. मग हे गणित त्याने स्वतःच का केलं नाही?


ओसरी

रेघोट्या, हा प्रश्न मलाही बरीच वर्षं सतावतोय. आणखी टोचणारी गोष्ट अशी की त्याच १६४० साली फर्माने २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो हे दाखवलं होतं, आणि तेही अगदी याच विचाराने. तिथे भाजक ७४ च्या पाढ्यात १ मिळवून यायला हवा: ७५ मूळ नाही, १४९ ने भाग जात नाही, २२३ ने जातो. म्हणजे हत्यार हातात होतं, वापरून झालेलं होतं. तेच या संख्येला लावलं असतं तर अर्ध्या तासात ६४१ समोर आला असता. मला वाटतं, त्याने हिशेब केलाही असेल आणि ६४१ च्या भागाकारात एखादी चूक झाली असेल. पुरावा काही नाही, पण लांब भागाकार करणाऱ्या प्रत्येकाला हे पटेल.

त्याची दुसरी प्रसिद्ध पद्धत, म्हणजे संख्या दोन वर्गांच्या फरकात मांडून अवयव काढायची, ती मात्र इथे हरते. ४२९४९६७२९७ = ३३५०५२९² − ३३४९८८८² हे खरं, पण वर्गमुळाच्या लगतच्या ६५५३७ पासून एकेक पाऊल पुढे जात ३३५०५२९ गाठायला ३२ लाखांहून जास्त पावलं लागतात. दोन अवयवांत इतकं अंतर असलं की ती पद्धत निकामी होते.


दीडदांडी

धागाकर्तीने ६४ चा पाढा घेतलाय, पण १२८ चाही चालतो. ल्युकाने १८७८ मध्ये हे दाखवलं. मग उमेदवार १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढेच, आणि त्यात मूळ फक्त २५७ आणि ६४१. दोन भागाकारांत उत्तर.


ओसरी

दीडदांडी, दोनही नाहीत, एकच! २५७ तपासायची गरजच नाही. फर्माच्या रांगेत प्रत्येक संख्या ही आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक २ अशी असते. ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, त्यात २ मिळवले की आपली संख्या. म्हणून २५७ ने भागलं तर बाकी २ उरणार हे आधीच ठरलेलं आहे. रांगेतल्या कुठल्याही दोन संख्या घ्या, त्या सहमूळच असतात. तेव्हा १२८ च्या पाढ्याने पहिलाच खरा भागाकार ६४१ चा.


दीडदांडी

खरंच की. हे सुचलंच नव्हतं. दुरुस्तीबद्दल आभार.


पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

ओसरी, गुणाकार अधिक २ हे मी लगेच वहीत घेतलं. दीडदांडी, ६४ वरून १२८ वर उडी कशी मारायची? चक्र तर ६४ चंच आहे ना?


दीडदांडी

२ चं चक्र ६४ चंच. पण २ ही स्वतः कुणाच्या तरी वर्गाची बाकी असेल, तर त्या 'कुणाचं' चक्र १२८ चं होईल आणि तेही प − १ मध्ये बसायला हवं. ज्या मूळ संख्येला ८ ने भागून बाकी १ उरते तिच्यापुढे २ ही नेहमी कुठल्यातरी वर्गाची बाकी असतेच, आणि ६४ च्या पाढ्यात १ मिळवून आलेली संख्या ८ च्या बाबतीतही तशीच असते.

नुसतं सांगून पटत नसेल तर ६४१ वर बघा. ६७ चा वर्ग ४४८९. त्यातून ६४१ सत्ते ४४८७ वजा केले की उरले २. म्हणजे ६४१ पुरतं बोलायचं तर २ चं वर्गमूळ ६७ आहे. आणि हा ४४८९ कुठे भेटला होता आठवा: तुमच्याच भागाकाराच्या दुसऱ्या पायरीत, ४४८ वर ९ उतरला तेव्हा! हा योगायोग असेल, पण मला तो फार आवडला.


पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

अरे बापरे. बाकी २ लिहिली होती मी, पण ४४८९ हा ६७ चा वर्ग आहे हे लक्षातच आलं नाही.


कुसुमाग्रहण

भागाकार न करता ६४१ दाखवायची रीत आहे. शाळेतली बीजगणिताची सूत्रं पुरतात.

६४१ कडे दोन बाजूंनी बघायचं. एक, ६४१ = ६४० + १, आणि ६४० = ५ × २^७. दोन, ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. या दोन ओळी मिळून सगळं काम करतात.

२^३२ म्हणजे १६ × २^२८. या १६ च्या जागी ६४१ − ६२५ लिहा. मग

२^३२ + १ = ६४१ × २^२८ − ६२५ × २^२८ + १

आता ६२५ × २^२८ म्हणजे ५^४ × (२^७)^४, म्हणजेच (५ × २^७)^४, म्हणजेच ६४०^४. म्हणून

२^३२ + १ = ६४१ × २^२८ − (६४०^४ − १)

पहिल्या पदात ६४१ उघडच आहे. कंसातल्याचे अवयव पाडा: ६४०^४ − १ = (६४०² + १)(६४० + १)(६४० − १). मधला कंस ६४१. दोन्हीकडे ६४१, म्हणून पूर्ण संख्येलाच ६४१ ने भाग जातो. अब्जांतली संख्या एकदाही लिहावी लागली नाही.


पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

हे वाचून उठले आणि लगेच पुढचं केलं. दोन्ही पदांतून ६४१ बाहेर काढला तर दुसरा अवयव आपोआप हाती येतो:

२^२८ − ६३९ × (६४०² + १) = २६८४३५४५६ − ६३९ × ४०९६०१ = २६८४३५४५६ − २६१७३५०३९ = ६७००४१७

आला! कुसुमाग्रहण, मनापासून आभार. विचारलं होतं त्याहून जास्त मिळालं.

मग ६७००४१७ तरी मूळ आहे का, तेही बघितलं. तिचा कुठलाही मूळ अवयव ४२९४९६७२९७ चाही अवयव, म्हणजे त्यालाही १२८ चीच अट लागू. शिवाय वर्गमूळ २५८८ च्या आसपास, त्यापुढे जायला नको. त्या अटीतल्या २५८८ पर्यंतच्या मूळ संख्या फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. २५७ ओसरींनी आधीच बाद केला. ६४१ ने भागून बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. चार भागाकारांत सदुसष्ट लाखांची संख्या मूळ ठरली. अट नसती तर २५८८ पर्यंतच्या पावणेचारशेच्या वर मूळ संख्यांनी भागत बसावं लागलं असतं.


मोरपंखी

धागा फार छान चाललाय. एक भाबडा प्रश्न. अवयव सापडलेच नाहीत, तरी संख्या मूळ नाही हे कळू शकतं का?


दीडदांडी

भाबडा अजिबात नाही, या सगळ्यातला तोच मोठा प्रश्न आहे. उत्तर: हो, कळू शकतं.

छोटं प्रमेय उलटं वापरायचं. संख्या मूळ असेल तर कुठल्याही (तिने भाग न जाणाऱ्या) आधाराचा, म्हणजे ज्या संख्येचे घात घ्यायचे तिचा, 'संख्या वजा १' वा घात घेऊन बाकी १ यायला हवी. नाही आली, तर मूळ नाही. आपल्या संख्येतून १ वजा केला की उरतो २^३२, म्हणजे फक्त बत्तीस वेळा वर्ग करत जायचं आणि दरवेळी संख्येने भागून बाकी ठेवायची. अब्जावधी गुणाकारांची गरज नाही.

पण आधार २ घेतला तर फसगत होते. २ पासून पाच वेळा वर्ग केला की २^३२ येतो, त्याची बाकी उणे १. सहाव्या वर्गाला १, आणि मग शेवटपर्यंत १ च. म्हणजे ही संख्या मूळ नसूनही २ ची परीक्षा पास होते. फर्माच्या रांगेतली प्रत्येकच संख्या होते. म्हणून २ कडून काहीच कळत नाही.

आधार ३ घेतला की कळतं. १८७७ मध्ये पेपँने दाखवलं की या रांगेतल्या ५ पासून पुढच्या कुठल्याही संख्येसाठी ३ ची परीक्षा अचूक आहे. इथे एकतीस वेळा वर्ग केल्यावर बाकी उणे १ आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही. मधलं काही नाही.

आता आपल्याला ६४१ ठाऊक आहे, तर त्याच्यापुरतं काय होतं ते हाताने बघता येतं. ३ चा वर्ग करत जा, ६४१ ने भागा: ३, ९, ८१, १५१, ३६६, ६२८, १६९, ३५७, ५३१, ५६२, ४७२, आणि पुन्हा ३५७. इथून पुढे ३५७, ५३१, ५६२, ४७२ हेच चार जण फेर धरतात. एकतिसाव्या पावलाला ३५७ येतो. संख्या मूळ असती आणि ६४१ तिचा अवयव नसता तर गोष्ट वेगळी. पण ६४१ ने निःशेष भाग जात असताना पूर्ण संख्येची बाकी उणे १ आली असती, तर ६४१ पुढे ६४० दिसायला हवे होते. त्या चौघांत ६४० नाहीच. मग परीक्षेत नापास.


मोरपंखी

हे हाताने करून बघितलं. ४७२ चा वर्ग २२२७८४, त्यातून ६४१ × ३४७ गेले, उरले ३५७. फेर खरंच बंद झाला. धन्यवाद.


हरवलेलं_पान

माझा अनुभव सांगतो. प्रोग्रामिंग शिकत होतो तेव्हा अवयव काढायचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्यात मुद्दाम हीच संख्या घातली. उत्तर आलं: संख्या १, अवयव नाहीत. दोन दिवस चूक शोधत होतो.

कारण या धाग्यातच आहे. संगणकाच्या ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) खणात ० पासून ४२९४९६७२९५ पर्यंतच्या संख्या मावतात. ४२९४९६७२९६ ला सगळे बिट भरून खण पुन्हा शून्यावर येतो आणि ४२९४९६७२९७ चा होतो १. द्विमान पद्धतीत लिहिली तर ही संख्या म्हणजे १, मग एकतीस शून्यं, मग १. डावीकडचा १ खणाबाहेर पडला आणि उजवीकडचा एकटा उरला. ६४ बिटांचा खण घेतल्यावर ६४१ लगेच आला. तेव्हापासून या तीन शेजारणी माझ्या पाठ आहेत: शेवट ९५, ९६, ९७. मधली ९६ म्हणजे इंटरनेटच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची एकूण संख्या.


ओसरी

हरवलेलं_पान, त्या तीन शेजारणींचं भूमितीतही नातं आहे. पट्टी आणि कंपास एवढ्यानेच सुसम बहुभुज काढायचा असेल तर बाजू किती असाव्यात? १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसने सतरा बाजूंचा काढता येतो हे दाखवलं. पुढे नियम असा ठरला: बाजूंची संख्या म्हणजे २ चा घात आणि फर्माच्या रांगेतल्या वेगवेगळ्या मूळ संख्या यांचा गुणाकार हवा. उलट बाजूची, म्हणजे इतर बहुभुज काढताच येत नाहीत याची सिद्धता वाँत्सेलने १८३७ मध्ये दिली.

आता बघा. ४२९४९६७२९५ बाजू: ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही एकेकदा, म्हणून काढता येतो. विषम बाजूंचा आपल्याला ठाऊक असलेला हा सगळ्यात मोठा. ४२९४९६७२९६ बाजू: निव्वळ २ चा घात, कोन निम्मा निम्मा करत जा, तोही येतो. ४२९४९६७२९७ बाजू: येत नाही. फर्मा बरोबर असता तर तिन्ही जमले असते. ६४१ मुळे तिसरा गेला.

६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची रीत लिहून काढायला हेर्मेसने दहा वर्षं घालवली, १८९४ मध्ये काम पुरं झालं, आणि ते हस्तलिखित ग्योटिंगेनला जपून ठेवलेलं आहे. माणसं संख्येसाठी एवढं आयुष्य देतात याचं मला कधी आश्चर्य वाटत नाही.


रेघोट्या

झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकी मुलगा होता, जन्म १८०४ चा. तोंडी हिशेबांसाठी त्याला लंडनला नेलं तेव्हा हीच संख्या त्याच्यापुढे टाकली होती, आणि त्याने ६४१ × ६७००४१७ असं मनातल्या मनात सांगितलं. वय आठ-नऊच्या आसपास. एवढीच भर.


कुसुमाग्रहण

आता माझं सगळ्यात आवडतं. ४ ने भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे मांडता येते. दोन प्रकारे मांडता आली, तर ती मूळ नाही. आपली संख्या तर जन्मतःच दोन वर्गांची बेरीज आहे: ६५५३६² + १². पण तिचं दुसरं रूपही आहे:

६२२६४² + २०४४९² = ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१ = ४२९४९६७२९७

म्हणजे मूळ नाही हे सिद्ध झालंच. पण पुढे जाऊ, अवयवही यातूनच निघतात. दोन्ही रूपांतल्या सम संख्यांचा फरक आणि बेरीज घ्या:
६५५३६ − ६२२६४ = ३२७२, ६५५३६ + ६२२६४ = १२७८००.
विषम संख्यांचंही तसंच:
२०४४९ − १ = २०४४८, २०४४९ + १ = २०४५०.

३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि ८. भाग दिला की ४०९ आणि २५५६. आता १२७८०० आणि २०४५० बघा: मसावि ५०, भाग दिला की २५५६ आणि ४०९. तेच दोघे, जागा बदलून!

मसाविंच्या निम्म्या ४ आणि २५: ४² + २५² = १६ + ६२५ = ६४१.
आणि ४०९² + २५५६² = १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७.

आधीच्या सिद्धतेतले १६ आणि ६२५ इथे दुसऱ्या दाराने परत आले. शिवाय २०४४९ हा १४३ चा वर्ग आहे, तेव्हा आपली संख्या म्हणजे एक वर्ग आणि १४३ चा चौथा घात यांची बेरीजही आहे.


पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

कुसुमाग्रहण, हा प्रतिसाद तीनदा वाचला. दोन पूर्ण वेगळ्या जोड्यांतून २५५६ आणि ४०९ परत आले तिथे मी थांबलेच. 

माझ्याकडूनही एक छोटी गोष्ट. १ ला ६४१ ने भागा. दशांशानंतरचे पहिले सोळा अंक ००१५६००६२४०२४९६०, आणि तिथे बाकी उरते ६४०, म्हणजे उणे १. पुढचे सोळा अंक ९९८४३९९३७५९७५०३९. वरच्या आणि खालच्या ओळीची बेरीज केली की सोळा नऊ. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे २ च्या चक्रात ६४१ अर्ध्या वाटेवर, ३२ व्या पावलाला, उणे १ वर येतो, तसा १० च्या चक्रातही येतो, सोळाव्या पावलाला.


मोरपंखी

आणि या रांगेत पुढच्या संख्यांचं काय? एखादी तरी मूळ निघाली का?


दीडदांडी

६५५३७ नंतर एकही नाही सापडली. पुढची २^६४ + १ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. हे लांद्रीने १८८० मध्ये वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी काढलं, आणि क्लाउसेनने त्याच्याही आधी १८५५ मध्ये गाउसला पत्रात कळवलं होतं. त्याच्या पुढच्या २^१२८ + १ ला १९७० उजाडलं, मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकावर फोडली. घातांक २^५ पासून २^३२ पर्यंतच्या सगळ्या मूळ नाहीत हे आता पक्कं आहे. त्यातही घातांक २^२० आणि २^२४ असलेल्या दोघींचा एकही अवयव कुणाच्या हाती लागलेला नाही. मोरपंखी, तुमच्या आधीच्या प्रश्नाचं हे जिवंत उदाहरण: मूळ नाहीत हे माहीत आहे, फोडता मात्र येत नाहीत. घातांक २^३३ असलेली संख्या मूळ आहे की नाही हेच ठरलेलं नाही. पुढे कुठेतरी आणखी एखादी मूळ असेल, ही शक्यता कुणी खोडून काढलेली नाही.


हरवलेलं_पान

ओसरींच्या बहुभुजांवरून आठवलं, म्हणून परत आलो. पास्कलचा त्रिकोण काढा (दोन्ही कडांना १, आतली प्रत्येक संख्या म्हणजे तिच्या वरच्या दोघींची बेरीज), वरच्या टोकाची ओळ शून्यावी धरा. विषम संख्येच्या जागी १, सम संख्येच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीतली संख्या म्हणून वाचा. १, ११, १०१, ११११, १०००१... म्हणजे १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७. शून्यावी ओळ सोडून एकतिसाव्या ओळीपर्यंत नेमके तेच विषम बाजूंचे बहुभुज, जे पट्टी-कंपासने काढता येतात, चढत्या क्रमाने, एकही न गाळता. एकूण एकतीस. एकतिसाव्या ओळीत बत्तीसच्या बत्तीस एक, म्हणजे ४२९४९६७२९५.

आणि बत्तिसावी ओळ: १, एकतीस शून्यं, १.


पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

म्हणजे ती तीच! उद्या मोठा कागद आणते आणि बत्तिसाव्या ओळीपर्यंत त्रिकोण हाताने काढते.